‘चालायला लागलं का?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवूया

आजचा भाग नऊ महिन्यांपासून पहिल्या वाढदिवसापर्यंतच्या बाळांविषयी आहे. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं इथे लिहून देतेय. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी भरल्या आहेत, आणि माझं ‘म्हणजे कसं आहे ना’ तेवढं काढून टाकलंय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. हा भाग ऐकून किंवा वाचून कोणत्याही बाळाचं निदान करायचं नाही. कुठे निवांत राहायचं आणि कुठे एक दिवसही थांबायचं नाही, एवढं ओळखता आलं तरी आजचं काम झालं.

आपण सगळे पायांकडेच बघतो

महाडच्या बाजारात किंवा पोलादपूरच्या एसटीत तुम्ही वर्षाच्या आतबाहेरचं बाळ घेऊन बसा. पाच मिनिटांत कुणीतरी विचारणारच, ‘दात आले का?’ आणि लगेच दुसरा प्रश्न, ‘चालायला लागलं का?’ हे प्रश्न प्रेमाने विचारलेले असतात, त्यात वाईट काही नाही. पण ‘हाक मारली की वळतं का?’, ‘टाटा करतं का?’, ‘काही हवं असलं की हात पुढे करून मागतं का?’ हे कुणी विचारत नाही.

गंमत अशी की वर्षाच्या बाळाबद्दल जास्त माहिती देतात ती नजर, कान आणि हात. दात आणि पाय त्या मानाने कमी सांगतात. दात कधी येतात यावर बाळाची समज अजिबात ठरत नाही. आणि चालण्याची वेळ इतकी मागेपुढे होते की फक्त त्यावरून फारसं काही कळत नाही. म्हणून होतं असं, की दोन महिने उशिरा चालणाऱ्या ठणठणीत बाळाची घरभर काळजी, आणि आवाजाकडे न वळणारं शांत बाळ मात्र ‘किती गुणी आहे हो, त्रासच नाही’ म्हणून कौतुकाचं. आजचा सगळा भाग या एका गोष्टीभोवती आहे.

पायांचं वेळापत्रक खरंच किती सैल असतं?

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली यावर एक तक्ता प्रसिद्ध केला. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांकडे ठरावीक दिवसांनी जाऊन, कोणतं बाळ काय कधी करतं याची नोंद ठेवली होती. भारतातली बाळं दिल्लीची होती. त्यातून निघालेले आकडे महिन्यांमध्ये असे:

– आधाराशिवाय बसणं: ३.८ ते ९.२
– धरून उभं राहणं: ४.८ ते ११.४
– हात-गुडघ्यांवर रांगणं: ५.२ ते १३.५
– धरून धरून चालणं: ५.९ ते १३.७
– एकट्याने उभं राहणं: ६.९ ते १६.९
– एकट्याने चालणं: ८.२ ते १७.६

शेवटची ओळ परत वाचा. सव्वाआठ महिने ते साडेसतरा महिने! म्हणजे शेजारची चिंगी दहाव्या महिन्यात चालली आणि तुमची सव्वा वर्षाची होऊन चालली, तर दोघीही ठीक. शिवाय या पाहणीत शंभरातली चारेक बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. काही पोटावर सरकतात, काही बसल्या-बसल्या पुढे जातात, काही थेट धरून उभी राहतात. ‘रांगलं नाही, आता कसं होणार’ म्हणून झोप उडवून घेऊ नका.

मग पायांचं काहीच बघायचं नाही का? बघायचं, पण ‘चालतं की नाही’ यापेक्षा वेगळं. नऊ महिने उलटून गेले तरी आधाराशिवाय बसता येत नाही, किंवा बारा महिने झाले तरी खाटेला धरून उभं केल्यावर पायांवर भार घेत नाही, तर दाखवायचं. उभं केल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, टाचा टेकतच नाहीत, अंग लाकडासारखं ताठ लागतं किंवा उचललं की हातातून निसटेल इतकं ढिलं लागतं, तरीही दाखवायचं. आणि दीड वर्ष झालं तरी एकट्याने चालत नसेल तर दाखवायचंच.

एक उपविषय: वॉकर. तो मधे बसवून चाकांवर पळवायचा प्लास्टिकचा वॉकर चालणं लवकर आणत नाही. बाळ त्यात लोंबकळत बोटांनी ढकलतं, स्वतःचा तोल सांभाळायला शिकत नाही, आणि पायरीवरून किंवा ओटीवरून खाली जायला एक क्षण पुरतो. कॅनडाने तर २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्याला धरून बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहतं आणि ढकलत पुढे जातं. माळ्यावर पडला असेल तर काढा. फक्त मोठं माणूस जवळ हवं.

हात, नजर, आवाज: खरी मजा इथे आहे

बाळांची वाढ मोजायची एक भारतीय मोजपट्टी आहे, तिचं नाव डासी. प्रमिला फाटक यांच्या बडोद्यातल्या कामातून ती उभी राहिली, आणि आजही आपल्याकडे तज्ज्ञ ती वापरतात. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी त्यात हालचालींच्या ६७ गोष्टी तपासतात, आणि समज, भाषा, ओळख, आठवण अशा मानसिक बाजूच्या १६३. मला हे आकडे पहिल्यांदा कळले तेव्हा वाटलं, हे आजीच्या ओटीवर लिहून लावायला हवं. चालणं-बसणं हा एवढासा भाग, आणि बाकीचं केवढं तरी.

हे ‘बाकीचं’ नऊ ते बारा महिन्यांत कसं दिसतं?

नऊ महिन्यांच्या आसपास बाळ अनोळखी माणसाला बघून बुजायला लागतं. मुंबईहून चार महिन्यांनी आलेल्या काकाकडे जायला रडतं, आणि काका हिरमुसतो. खरं तर ही चांगली खूण आहे. आपलं माणूस आणि परकं माणूस यातला फरक त्याच्या डोक्यात पक्का झालाय.

पदराआड तोंड लपवून भॉक केलं की ते हसतं. ‘बाबाबा’, ‘मामामा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ ओढतं. ‘ये’ म्हणत हात पुढे केले की तेही दोन्ही हात वर करतं. दोन वाट्या एकमेकींवर आपटतं आणि आवाजावर खूश होतं.

वर्षाच्या जवळ आलं की ‘नको’ म्हटलं की क्षणभर थांबतं. (क्षणभरच!) टाळ्या वाजवतं, टाटा करतं. तुम्ही धरलेल्या पेल्यातून पाणी पितं. डब्यात वस्तू टाकतं, काढतं, परत टाकतं. अंगठा आणि तर्जनी जुळवून ताटातलं भाताचं शीत उचलतं. याच सुमारास किंवा पुढच्या काही महिन्यांत बोट दाखवणं सुरू होतं, ‘ते दे’ आणि ‘ते बघ’.

हे ‘ते बघ’ फार मोठं आहे. कावळ्याकडे बोट करून बाळ मागे वळून तुमच्याकडे बघतं, तेव्हा ते सांगत असतं, मला दिसलं, तुलाही दिसलं का? शब्द यायच्या आधी संवाद इथे सुरू झालेला असतो. म्हणून वर्षाला शब्द नाहीत याची तेवढी चिंता करू नका. पण हात, नजर आणि आवाज यांतून काहीच सांगत नसेल, तर ती गप्प बसण्यासारखी गोष्ट नाही.

घरच्या घरी: हाक, वाटी आणि शीत

आता करून बघायच्या गोष्टी. बाळ झोपेला आलेलं किंवा भुकेलेलं नको. टीव्ही बंद, फोन लांब. एका दिवशी नाही जमलं तर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी बघा.

१. बाळ खेळत असताना मागे, थोड्या अंतरावर बसा. नेहमीच्या आवाजात नावाने हाक मारा. घरात त्याला ‘बाबू’ म्हणत असाल तर ‘बाबू’च म्हणा, पत्रिकेतलं नाव नको. वळतं का?

२. त्याच्यासमोर छोटी वाटी ठेवा आणि बघत असतानाच तिच्यावर फडकं टाका. फडकं ओढून शोधतं का? ‘दिसत नाही म्हणजे नाहीशी झालेली नाही’ हे कळलं आहे, याची ही खूण.

३. ताटात भाताची दोन-चार शितं ठेवा. बोटांच्या चिमटीत उचलतं का? एकदा उजवीकडे ठेवा, एकदा डावीकडे. दोन्ही हात वापरतं का?

४. तुम्ही टाटा करा, टाळ्या वाजवा, ‘दे’ म्हणून हात पसरा. यातलं काहीतरी परत करतं का?

५. खाटेला धरून उभं करा. दोन्ही पाय सारखे टेकतात का?

इथेच एक सूचना. संक्रांतीच्या दिवसांत बोरन्हाण असतं. डोक्यावरून ओतलेलं टिपायला बाळ वाकतं, तेव्हा ही चिमूट छान बघायला मिळते. पण बोरं, शेंगदाणे, हलवा, गोळ्या हे सगळं वर्षाच्या बाळाच्या घशात अडकणारं आहे. त्याच्या अंगावर चुरमुरेच टाका, आणि बाकीचं मोठ्या पोरांना वाटा.

इथे थांबायचं नाही

वर्षाच्या आसपास खालचं काहीही दिसलं तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणायचं नाही:

– नावाला, आवाजाला वळत नाही.
– ‘बाबाबा’, ‘दादादा’ असं काहीच म्हणत नाही.
– टाटा नाही, टाळी नाही, ‘घे’ म्हणून हात वर करणं नाही. एकही खूण करत नाही.
– डोळ्याला डोळा देत नाही, तुमच्या हसण्यावर हसत नाही.
– एकच हात वापरतं, दुसरी मूठ बंदच असते किंवा एक पाय ओढतं. वर्षाच्या आत बाळ ठामपणे डावखुरं किंवा उजवं नसतं. ‘आजोबांसारखं डावखुरं होणार’ असं म्हणत हे बऱ्याचदा सुटून जातं.
– डोळा सतत तिरळा राहतो, किंवा बाहुलीत पांढरी चकाकी दिसते. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोंत एका डोळ्यात वारंवार पांढरं दिसत असेल तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यामागे मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतली गाठ असू शकते.

आणि दोन गोष्टी सगळ्यांत वर.

पहिली: येत असलेलं जाणं. आधी हसायचं, आता हसत नाही. बसायचं, आता कलंडतं. आवाज काढायचं, आता गप्प. उशीर एक वेळ चालतो, उलटा प्रवास कधीच चालत नाही. याची कारणं अनेक असतात आणि काही अगदी बरी होण्यासारखी असतात. उदाहरणार्थ, आईच्या अंगात बी-१२ फार कमी असेल आणि बाळ बराच काळ फक्त अंगावरच्या दुधावर असेल, तर बाळ मलूल होतं, केस विरळ होतात, शिकलेलं विसरतं, कधी हातपाय थरथरतात. वेळेत कळलं तर यावर उपचार आहे. ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळा हवं तर, पण त्याच दिवशी दवाखानाही गाठा.

दुसरी: ओळीने येणारे झटके. बहुतेकदा झोपेतून उठल्यावर बाळ एकदम मान पुढे टाकतं, हात फाकवतं किंवा पोटाशी दुमडतं, सोडतं; काही सेकंदांनी परत, परत, परत. बघणाऱ्याला वाटतं दचकलं किंवा पोटात दुखतंय. हा एक प्रकारचा आकडीचा आजार असू शकतो. तो बहुतेक पहिल्या वर्षातच सुरू होतो, आणि उपचाराला उशीर झाला तर मेंदूच्या वाढीवर परिणाम करतो. फोन काढा, व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डॉक्टरांसमोर बाळ नेमकं शांत असतं, म्हणून तो व्हिडिओ लाखमोलाचा.

कानाबद्दल जरा सविस्तर

‘ऐकू येतंय की, थाळी वाजवली की बघतो!’ हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की त्यावर वेगळं बोलायलाच हवं.

ज्या बाळाला ऐकू येत नाही तेही रडतं, हसतं, सुरुवातीचे महिने ‘आ’, ‘ऊ’ करतं. म्हणून घरात शंका येत नाही. फरक पुढे पडतो. ऐकणारं बाळ स्वतःचा आणि आपला आवाज ऐकून ‘बाबाबा’कडे जातं. न ऐकणाऱ्याची ती माळ नीट जमतच नाही, किंवा आवाज हळूहळू कमी होत जातात.

आणि थाळी? थाळी वाजवताना तुमचा हात हलतो, सावली पडते. दार आपटलं की जमीन हादरते, वाऱ्याचा झोत येतो. बाळाचे डोळे आणि कातडी शाबूत असते, ते वळतं. शिवाय काही बाळांना मोठे, घुमणारे आवाज ऐकू येतात, पण बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत. ‘स’, ‘श’, ‘त’ हरवले तर भाषा कशी येणार? म्हणून घरची परीक्षा फक्त शंका घ्यायला. शंका मिटवायला तपासणीच लागते.

तपासणी सोपी आहे. एकीला ओएई म्हणतात: झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवतात, थोड्या मिनिटांचं काम. दुसरी बेरा: डोक्याला चिकटपट्ट्या लावून, आवाजाला मेंदू कसा उत्तर देतो ते यंत्रावर बघतात. दोन्हींत सुई नाही, दुखत नाही. जगभरात डॉक्टर एक सरळ नियम सांगतात: एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. आपल्याकडे बऱ्याच बाळांची जन्मानंतर ही चाळणी झालेलीच नसते. त्यामुळे नऊ-दहा महिन्यांचं बाळ हाकेला वळत नसेल, तर आधीच वेळ गेलेला आहे, आणखी घालवायचा नाही. लहान वयात ऐकण्याचं यंत्र लागलं आणि घरचे बोलत राहिले, तर बोलणं येण्याची शक्यता खूप वाढते.

बाळ काचेच्या पेटीत बरेच दिवस ठेवावं लागलं असेल, कावीळ फार वाढली असेल, मेंदूज्वर झाला असेल, घरात कुणाला लहानपणापासून ऐकू येत नसेल किंवा आईवडिलांचं लग्न जवळच्या नात्यातलं असेल, तर शंका नसली तरी कान तपासून घ्या.

‘आमच्या घरात सगळे उशिराच बोलले’

घरातली मोठी माणसं हे म्हणणारच. ‘मुलगे उशिरा बोलतात.’ ‘याचा बाबा अडीच वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आता बघ.’ ‘हल्लीच्या पोरींना मोबाइलवर वाचून रोग सापडतात.’ आणि बऱ्याच घरांत याचा सगळा भार एकट्या आईवर येतो. शंका घेतली तर ती ‘आपल्याच पोराचं वाईट चिंतणारी’, नाही घेतली तर उद्या ‘तुला कळलं कसं नाही?’

वाद घालण्यात अर्थ नाही. मला आवडलेलं उत्तर एका ताईने मला सांगितलं होतं. ती सासूबाईंना म्हणाली, ‘आई, तुमचंच खरं निघू दे. फक्त सिस्टरच्या तोंडून एकदा ऐकून येऊ, म्हणजे मला झोप लागेल.’ आजीबाई स्वतः बाळाला काखेत घेऊन निघाल्या.

बाबा लोकहो, तुम्ही मुंबईत, पनवेलला किंवा एमआयडीसीत शिफ्टला असाल, तरी फोनवर एवढं म्हणा: ‘आई, तिला घेऊन जा दवाखान्यात, मीच सांगतोय.’ तुमच्या या वाक्याने घरातलं निम्मं भांडण मिटतं.

एक गोष्ट मात्र खरोखर सवलतीची आहे. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर तेवढे आठवडे वयातून वजा करायचे. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ पहिल्या वाढदिवसाला दहा महिन्यांचं समजून बघायचं, आणि हा हिशोब दोन वर्षांपर्यंत ठेवायचा. पण ही सवलत उशिराला आहे. येत असलेलं जाणं, झटके, ऐकू न येणं यांना नाही.

आपल्या भागात जायचं कुणाकडे?

सुरुवात मोठ्या डॉक्टरपासून करायची गरज नाही.

*आशाताई.* २०१८ पासूनच्या योजनेत आशाताईंनी बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात घरी यायचं असतं. वजन आणि खाण्याबरोबर वाढीच्या खुणा बघणं हेही त्यांचं काम आहे. तुमच्याकडे जे माता-बाल संरक्षण कार्ड आहे ना, लसीचं म्हणून जपून ठेवलेलं, त्यात याच खुणा चित्रांसकट छापलेल्या आहेत. कितीजणांनी ती पानं उघडलीत?

*नववा महिना.* गोवर-रुबेलाच्या लसीला आणि अ जीवनसत्त्वाच्या डोसला तुम्ही जाणारच आहात. त्याच वेळी सिस्टरना सरळ विचारा, ‘वाढीची पानं बघून भरता का?’ वेगळी खेप नको, वेगळा खाडा नको.

*आरबीएसके पथक.* राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. यात डॉक्टरांचं पथक गाडीने अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. जन्मजात दोष, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गोष्टी बघतं. पुढची तपासणी आणि उपचार मोफत.

अडचण इथेच आहे. वर्षातून दोनदा म्हणजे त्या दोन दिवशी तुम्ही गावात असायला हवं. आपल्याकडे बाळंतपण माहेरी, मग तीन-चार महिन्यांनी सासरी, मग नवऱ्याबरोबर मुंबईत खोलीवर, मग गणपतीला आणि शिमग्याला परत गावी. एका गावची आशाताई समजते बाळ दुसरीकडच्या यादीत आहे, दुसरीकडची समजते पहिलीकडे. कातकरी वाड्यांवरची कुटुंबं तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर बाहेर पडतात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणून जिथे राहायला जाल तिथल्या अंगणवाडीत दुसऱ्या दिवशी जाऊन बाळाचं नाव सांगा. आणि पथक कधी येणार, ते अंगणवाडीताईंकडून आधीच विचारून ठेवा.

चुकलंच पथक, तर वाट बघू नका. बिरवाडी असो की पितळवाडी, आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, किंवा पोलादपूरचं ग्रामीण रुग्णालय, महाडचं सरकारी रुग्णालय. तिथून पुढे पाठवायचं ठरलं तर लेखी चिठ्ठी मागा. ‘डीईआयसीला पाठवताय का?’ हा शब्द वापरा. डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशा बाळांसाठीच असलेली जिल्हा पातळीवरची सोय. आपलं जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, म्हणजे महाडहून शंभरेक किलोमीटर. कामथी-ढवळीच्या खोऱ्यातल्या वाडीतून आधी पोलादपूर गाठायचं आणि मग अलिबाग, म्हणजे पूर्ण दिवस आणि एक रोज बुडाला. म्हणून निघण्याआधी फोन करून कोणत्या दिवशी कोण भेटतं ते विचारा, कार्ड आणि चिठ्ठी बरोबर घ्या. मुंबईत नातलगांची खोली असेल तर तोही रस्ता आहे. कानासाठी वांद्र्याला केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे, वाढीच्या प्रश्नांसाठी २००१ पासून काम करणारी उम्मीद ही संस्था आहे, आणि परळला मुलांचं वाडिया रुग्णालय.

पावसाळ्याचाही हिशोब ठेवा. जूनमध्ये शंका आली आणि ‘गणपती झाले की जाऊ’ म्हटलं, तर तीन महिने गेले. वर्षाच्या बाळाच्या आयुष्याचा तो चौथा भाग आहे. घाटात दरड आली किंवा सावित्रीला पाणी चढलं की रस्ता बंद होतो, तो आपल्या हातात नाही. जायचा निर्णय आपल्या हातात आहे. आणि झटके थांबत नसतील, बाळ शुद्धीवर नसेल, श्वास नीट नसेल तर थेट १०८.

हातातल्या फोनचं काय?

तुम्ही हे फोनवरच वाचताय, तर फोनचा चांगला उपयोग आधी. कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाला पाठवा. जुलै २०२१ मध्ये महाडात पाणी शिरलं तेव्हा कपाटांतले कागद भिजून गेले. पुन्हा तशी वेळ आली तर नोंदी तरी वाचतील. दर महिन्याला बाळाचा खेळतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या. काही बदललंय का, काही गेलंय का, हे आठवणीपेक्षा व्हिडिओ नीट सांगतो, आणि डॉक्टरांनाही दाखवता येतो.

आता दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय, एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको. भरवताना कार्टून लावलं की घास पटापट जातात, हे मलाही माहितीये. पण फोन बाळाच्या ‘बाबाबा’ला उत्तर देत नाही. तुम्ही देता. ते ‘बा’ म्हणालं, तुम्ही ‘हो का रे? बाबा?’ म्हणालात, ते परत ‘बा’ म्हणालं, अशा देवाणघेवाणीतून भाषा येते. मुंबईच्या बाबाशी व्हिडिओ कॉल चालेल, कारण पलीकडे माणूस आहे आणि तो उत्तर देतो.

याला खर्च नाही. भाकरी थापताना ‘हे बघ, थप थप’, हम्मा दिसली की ‘हम्मा आली’, पाणी भरताना ‘बुडबुड’. दोन वाट्या, एक डबा, एक फडकं एवढं सामान बस झालं. आणि ज्या बाळाला उशीर होतोय त्यालाही हे द्या, पण तपासणीच्या ऐवजी नको, तपासणीबरोबर द्या.

या आठवड्यात करायचं काम

ज्यांच्या घरात नऊ ते बारा महिन्यांचं बाळ आहे त्यांनी: कार्ड काढा, वाढीची पानं उघडा, वरच्या पाच गोष्टी करून बघा, आणि जे येत नाही ते तारखेसकट कार्डावर लिहा. सगळं येत असेल तर छानच, निवांत वाढदिवस करा. एखादी गोष्ट मागे असेल आणि बाकी बाळ हसतं-खेळतं असेल, तर सिस्टरना दाखवा आणि पुन्हा कधी बघायचं ती तारीख घ्या. ‘इथे थांबायचं नाही’ या यादीतलं काही असेल तर तारखेची वाट बघू नका.

आणि ज्यांच्या घरात बाळ नाही त्यांनी एवढंच करायचं. पुढच्या वेळी एसटीत शेजारी कुणी बाळ घेऊन बसलं, की दातांबद्दल विचारण्याआधी त्या बाळाला एक टाटा करून बघा. परत टाटा आला तर आईला सांगा, ‘किती हुशार आहे हो!’ तिला ते ऐकायचं असतंच.

प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा. बाळांचे फोटो मात्र मला पाठवू नका, ते डॉक्टरांना दाखवा. पुढच्या भागात भेटूच.